चाप हलका ठेवा: डॉज सिटीहून आलेलं एक पत्र आणि आखूड नळीचं रिव्हॉल्वर

मागच्या भागात घड्याळांबद्दल बोललो होतो, आणि त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं की 'अजून असं एखादं यंत्र घे, ज्यात भाग कमी आणि भानगडी जास्त.' तर आजचं यंत्र तसंच आहे. पण सुरुवात यंत्रापासून नाही करत, एका पत्रापासून करतो.

तारीख २४ जुलै १८८५. ठिकाण डॉज सिटी, कॅन्सस. ऑपेरा हाऊस सलून नावाच्या दारूच्या गुत्त्याचं नाव छापलेला कागद. पत्र गेलंय कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला, कोल्टच्या कारखान्यात. मजकूर पाच-सहा ओळींचा. लिहिणारा म्हणतो, मला तुमचं निकेल चढवलेलं, आखूड, ४५ कॅलिबरचं एक रिव्हॉल्वर पाठवा. माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे, म्हणून त्यावर जरा जास्त मेहनत घ्या, जास्तीचे पैसे देईन. चाप खूप हलका ठेवा. फ्रंट साईट नेहमीपेक्षा थोडं उंच आणि जाड करा. मूठ गट्टा-पर्चाची. आणि नळी साधारण इजेक्टरच्या दांडीएवढीच लांब ठेवा. लवकर पाठवा. खाली सही, डब्ल्यू. बी. मास्टरसन.

मी नोकरीत रोज लोकांच्या 'रिक्वायरमेंट' वाचतो. चाळीस पानांच्या वाचतो, आणि शेवटी विचारावं लागतं की बाबा तुला नक्की हवंय काय. इथे पाच-सहा ओळींत माणसाने सगळं सांगितलंय, आणि प्रत्येक मागणीमागे कारण आहे. ते कारण मात्र त्याने लिहिलेलं नाही. लिहायची गरज नव्हती, कारखान्यातल्या माणसाला कळत होतं. आपल्याला कळत नाही. म्हणून हा भाग.

आधी हा मास्टरसन कोण ते सांगतो. बॅट मास्टरसन. जन्म १८५३, कॅनडातल्या क्वेबेकमध्ये. तरुणपणी गव्यांची शिकार, १८७४ च्या अॅडोब वॉल्सच्या लढाईत हजर, नंतर डॉज सिटी ज्या परगण्यात येतं त्या फोर्ड काउंटीचा शेरीफ, जुगारी, वायट अर्पचा दोस्त. आणि म्हातारपणी न्यूयॉर्कमध्ये पत्रकार. ते शेवटचं लक्षात ठेवा, परत येणार आहे त्यावर.

त्याच्या नावावर सव्वीस माणसं मारल्याची ख्याती होती. ती आली कुठून? १८८१ साली कोलोराडोतल्या गनिसन गावात एका डॉक्टरने एका बातमीदाराची मजा घेतली. बातमीदाराला 'खतरनाक माणसांच्या' गोष्टी हव्या होत्या, डॉक्टरने दिल्या. न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आलं आणि मग ते इतर पेपरांनी उचललं. व्हॉट्सअॅप फॉरवर्ड काही आपल्या पिढीचा शोध नाही. नोंदी पाहिल्या तर खरा आकडा एका हाताच्या बोटांत मावतो.

पण जे घडलं ते खरं घडलं. जानेवारी १८७६ मध्ये टेक्ससमधल्या स्वीटवॉटर गावात एका सैनिकाशी त्याची चकमक झाली. सैनिक मेला, एक बाई मेली, आणि बॅटच्या ओटीपोटाजवळ गोळी लागली. आणि एप्रिल १८७८ मध्ये त्याचा मोठा भाऊ एड, डॉज सिटीचा मार्शल, एका दारू प्यायलेल्या गुराख्याचं पिस्तूल काढून घेताना मारला गेला. गोळी इतक्या जवळून झाडली होती की एडच्या कपड्यांनी पेट घेतला. काळ्या दारूचा जमाना होता, नळीतून गोळीबरोबर जळती दारूही बाहेर यायची. हा माणूस जेव्हा सात वर्षांनी 'माझ्या स्वतःच्या वापरासाठी आहे' असं लिहितो, तेव्हा तो हौशी गिऱ्हाईक नसतो.

आता यंत्र.

थोडं शब्दांचं आधी. आपल्याकडे चाप आणि घोडा यांची फार सरमिसळ होते. मुंबईच्या टपोरी भाषेत तर अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात. मी इथे असं धरतो: बोटाने ओढायचा तो चाप, म्हणजे ट्रिगर. मागे उभा असतो आणि पुढे आपटतो तो घोडा, म्हणजे हॅमर. सिंगल अॅक्शन म्हणजे काय, तर चाप एकच काम करतो, घोडा सोडायचं. घोडा मागे ओढायचं काम तुमच्या अंगठ्याचं. प्रत्येक गोळीला. डबल अॅक्शनमध्ये चाप ओढला की घोडा मागेही जातो आणि सुटतोही. मग तिथे चाप जड आणि लांब ओढावा लागतो. सिंगल अॅक्शनमध्ये तो छोटा आणि हलका असू शकतो. 'असू शकतो' म्हणतोय, कारण कारखान्यातून तो तसाच येईल असं नसतं.

सॅम्युएल कोल्टला पहिलं अमेरिकन पेटंट मिळालं १८३६ साली. तेव्हाची रिव्हॉल्वरं म्हणजे ठासणीचीच. फक्त एका नळीऐवजी सिलेंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी ठासायची. कोकणात ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मग धातूचं काडतूस आलं. त्यासाठी सिलेंडरची घरं आरपार भोक पाडलेली हवीत, मागून काडतूस घालता यावं म्हणून. आणि त्या आरपार भोकाचं पेटंट होतं रोलिन व्हाईट नावाच्या माणसाकडे, १८५५ चं. त्याने ते स्मिथ अँड वेसनला दिलं, दर रिव्हॉल्वरमागे २५ सेंट रॉयल्टीवर. अट एकच: कुणी पेटंट मोडलं तर कोर्टात लढायचा खर्च व्हाईटचा. बिचाऱ्याची रॉयल्टी मोठ्या प्रमाणावर वकिलांकडे गेली. कोल्ट १८६२ मध्ये वारला, पेटंट १८६९ मध्ये संपलं, आणि मग कोल्टच्या कंपनीने काडतुसाचं रिव्हॉल्वर नीट हातात घेतलं. विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स या तिथल्या दोघांच्या कामातून १८७३ मध्ये सैन्याने स्वीकारलेलं मॉडेल आलं, कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी. नळी साडेसात इंच, कॅलिबर ४५, पहिली ऑर्डर ८,०००.

सिनेमात काउबॉयच्या कंबरेला जे दिसतं ते हेच, किंवा याची नक्कल.

याचा घोडा हळूहळू मागे ओढलात तर चार वेळा 'क्लिक' ऐकू येतं. शौकीन लोक गमतीने म्हणतात, कोल्टच्या इंग्रजी स्पेलिंगची चार अक्षरं ऐकू येतात. पहिलं क्लिक म्हणजे सुरक्षेची खाच. दुसरं अर्धी खाच, इथे सिलेंडर मोकळा फिरतो आणि काडतुसं भरता येतात. तिसरं म्हणजे बोल्ट, सिलेंडरला जागेवर धरणारी खिट्टी, वर येते तेव्हाचं. चौथं पूर्ण खाच. आता चाप ओढला की बार.

सगळा खेळ तिसऱ्या आणि चौथ्या क्लिकच्या वेळेचा आहे. घोडा मागे जाताना एक छोटी दांडी सिलेंडरला ढकलून पुढच्या घरावर आणते. घर बरोबर नळीच्या रेषेत आलं की खिट्टी खाचेत बसली पाहिजे, आणि त्याच सुमारास घोडा पूर्ण खाचेत अडकला पाहिजे. खिट्टी लवकर वर आली तर सिलेंडरच्या अंगावर घासत जाते, चकचकीत रेघ उमटते. उशिरा आली तर सिलेंडर पुढे निघून जातो, आणि घर नळीसमोर तिरकं राहतं. त्या स्थितीत बार झाला तर गोळी नळीच्या कडेला खरवडून जाते, शिसं बाजूने उडतं. प्रोग्रामरांना सांगायचं तर हा रेस कंडिशन आहे, फक्त इथे लॉग फाईल मिळत नाही, डोळ्याला इजा मिळते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. या रिव्हॉल्वरमध्ये चापाला पुढे रेटणारी आणि खिट्टीला वर रेटणारी स्प्रिंग एकच आहे. एक चपटी पोलादी पट्टी, तिला दोन पाय. एक पाय चापावर, एक खिट्टीवर. एक स्क्रू. बनवायला स्वस्त, सुटसुटीत. पण तुम्ही चाप हलका करायला त्या पट्टीला हात लावलात की खिट्टीचं काय होईल याची जबाबदारीही तुमची.

याचा अनुभव घरातलाच आहे. माझा मावसभाऊ अॅरिझोनात टक्सनला असतो, पंधरा-सोळा वर्षं झाली, आता तिथलाच नागरिक आहे. दादा शनिवार-रविवारी काउबॉय अॅक्शन शूटिंगला जातो. म्हणजे जुन्या पद्धतीची हत्यारं, जुन्या पद्धतीचे कपडे, आणि लोखंडी पाट्यांवर वेळ लावून नेमबाजी. आमच्या मावशीला वाटतं तो ट्रेकिंगला जातो. असो. त्याच्याकडे याच कोल्टची इटलीत बनलेली प्रतिकृती आहे, पावणेपाच इंची नळीची. चाप जड वाटला म्हणून त्याने इंटरनेटवर कुठलासा व्हिडिओ बघून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पट्टी थोडी वाकवली. चाप हलका झाला, दादा खूश. पुढच्या रविवारी जोरात घोडा ओढला की सिलेंडर थांबेचना. खिट्टीचा पाय ढिला पडला होता. सुदैवाने रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने आवाजावरून ओळखलं. मला व्हॉइस नोटमध्ये दादा म्हणाला, 'अरे त्याने बघितलंसुद्धा नाही, नुसतं ऐकलं आणि म्हणाला, ते खाली ठेव.' मग गनस्मिथकडे नवी स्प्रिंग, आणि मजुरी हत्याराच्या किमतीच्या पाव पट.

मास्टरसनने हेच काम गावातल्या लोहाराकडून का करून घेतलं नाही, याचं उत्तर मला इथे मिळालं. त्याने थेट कारखान्यात लिहिलं आणि जास्तीचे पैसे देतो म्हणाला. कारण 'चाप हलका' म्हणजे नुसती स्प्रिंग सैल करणं नव्हे. चापाचं टोक घोड्याच्या ज्या खाचेत बसतं, ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती गुळगुळीत सरकतात, खाच किती खोल आहे, कोन कसा आहे, यावर ते अवलंबून. हुशार कारागीर घर्षण कमी करतो, पकड कमी करत नाही. पकड कमी केली तर धक्क्याने घोडा आपोआप सुटेल, किंवा सुटून खाली येताना अर्ध्या खाचेत चापाचं टोक अडकून मोडेल. आणि घोड्याची मोठी स्प्रिंग फारच मऊ केली तर काडतुसाच्या बुडावर टोला हलका बसतो, बार होतच नाही. ज्याच्या भावाच्या बाबतीत गोष्ट अर्ध्या सेकंदाची होती, त्याला 'बार होतच नाही' परवडणार नव्हतं.

आता सुरक्षेच्या खाचेबद्दल. नाव मोठं, लक्षण खोटं. घोडा पहिल्या खाचेत ठेवला की तो काडतुसापासून जरासा मागे राहतो. पण रिव्हॉल्वर हातातून घोड्यावर पडलं तर ती बारीक खाच किंवा चापाचं टोक तुटू शकतं आणि बार होतो. म्हणून जाणकार सहा घरांच्या रिव्हॉल्वरमध्ये पाचच काडतुसं भरायचे आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवायचे. ती भरायची एक लय आहे: एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा, हलकेच खाली सोडा. बरोबर रिकाम्या घरावर येतो. बोटांवर करून बघा, येतो.

हे पाळलं नाही की काय होतं? जानेवारी १८७६, कॅन्ससमधलं विचिटा. एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत काही मंडळी बसली होती. त्यातल्या एका पोलिसाच्या म्यानातून रिव्हॉल्वर निसटलं, घोडा खुर्चीवर आपटला, बार झाला. गोळी त्याच्याच कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आपटून छतात गेली. खोलीतले सगळे धूम पळाले. स्थानिक पेपरात बातमी आली. तो पोलीस होता वायट अर्प. हो, तोच. पुढे १९३१ मध्ये स्टुअर्ट लेकने लिहिलेल्या चरित्रातला अर्प सहा काडतुसं भरणाऱ्यांना नवशिके म्हणतो. स्वतःच्या कोटाची गोष्ट त्याला आठवली असणार असं मला आपलं वाटतं.

त्याच चरित्रात आणखी एक गोष्ट आहे, आपल्या आजच्या विषयाच्या नेमकी उलटी. लेकने लिहिलं की नेड बंटलाईन नावाच्या लेखकाने अर्प, मास्टरसन आणि आणखी तिघांना बारा इंची नळीची खास कोल्ट भेट दिली होती. बारा इंच! म्हणजे फूटपट्टी. कोल्टच्या नोंदींमध्ये अशा पाच रिव्हॉल्वरचा पत्ता नाही. पण टीव्हीवर १९५५ पासून अर्पची मालिका सुरू झाली, आणि लोकांच्या मागणीवरून कोल्टने १९५७ मध्ये खरंच 'बंटलाईन' विकायला काढली. म्हणजे आधी दंतकथा आली, वस्तू नंतर. आणि ज्या मास्टरसनला फूटभर नळी भेट मिळाली म्हणतात, तो स्वतः कारखान्याला काय लिहितो? नळी इजेक्टरच्या दांडीएवढीच ठेवा.

ही दांडी कुठली? नळीच्या उजव्या बाजूला खालून एक छोटी नळकांडी असते, त्यात स्प्रिंगवरची दांडी. बार झालेली टरफलं एकेक करून मागे ढकलून काढायला. पावणेपाच इंची नळीचं तोंड साधारण त्या नळकांड्याच्या टोकाशी येतं. म्हणजे दांडी पूर्ण चालते आणि तरी नळी जितकी आखूड होऊ शकते तितकी होते. त्याहून आखूडही मिळायची, तीन-साडेतीन इंची, पण मग दांडीला जागाच नाही. मग टरफलं काढायला पेन्सिल, काडी, खिळा, जे मिळेल ते. त्या प्रकाराला आज संग्राहक 'शेरीफ्स मॉडेल' किंवा 'स्टोअरकीपर' म्हणतात. दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवायला ठीक. मास्टरसनने खरा शेरीफ असूनही 'शेरीफ्स मॉडेल' मागितलं नाही, बघा. त्याला आखूड हवं होतं, पण पुन्हा भरता येणारं हवं होतं.

आखूड का, हे सोपं आहे. म्यानातून लवकर निघतं, कोटाखाली झाकतं, खुर्चीत बसल्यावर मांडीत टोचत नाही. साडेसात इंची नळी घोडेस्वारासाठी होती. सैन्यालाही ती पुढे लांबच वाटली असावी, कारण १८९५ नंतर साठ्यातल्या पुष्कळ रिव्हॉल्वरच्या नळ्या कापून साडेपाच इंच करण्यात आल्या.

पण आखूडची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजता येते. कागद घ्या. नेम धरायला मागे चौकटीच्या माथ्यावर एक खाच आणि पुढे नळीवर एक पातं. पावणेपाच इंची नळीत त्या दोघांतलं अंतर ढोबळमानाने १४५ मिलिमीटर, साडेसात इंचीत २१५, तीन इंचीत १०० धरा. पुढचं पातं खाचेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तर २० मीटरवर चूक किती? लांब नळीत ९ सेंटिमीटरच्या आसपास, आपल्या पावणेपाचीत जवळजवळ १४, तीन इंचीत २०. आता हेच तीन मीटरवर काढा. पावणेपाचीत दोन सेंटिमीटर. काहीच नाही. एड मास्टरसन गेला ते अंतर याहूनही कमी होतं. टूमस्टोनची ती प्रसिद्ध चकमक, १८८१ ची, ती सुरू झाली तेव्हा माणसं एकमेकांपासून काही पावलांवर होती. बॅटने आखूड नळी मागितली ती हे गणित अंगावर काढून झाल्यावर.

मग उंच आणि जाड फ्रंट साईट कशाला? इथे मला पत्र वाचताना खरंच हसू आलं, कारण माणूस किती हुशार आहे ते इथे कळतं. या रिव्हॉल्वरचे साईट पक्के असतात, स्क्रू फिरवून वर-खाली होत नाहीत. पुढचं पातं उंच असेल तर गोळी खाली लागते, बुटकं असेल तर वर. म्हणजे गोळी खाली लागत असेल तर पातं कानशीने थोडं घासायचं. वर लागत असेल तर? काही करता येत नाही, धातू परत उगवत नाही. आपल्या पावणेपाची नळीत २० मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर खाली जात असेल तर घासायचं किती, ०.३६ मिलिमीटर. कानशीचे चार हात. म्हणून पातं उंचच मागवायचं आणि स्वतःच्या काडतुसाने, स्वतःच्या हाताने मारून बघत घासत आणायचं. हा माझा अंदाज आहे, त्याने कारण लिहिलेलं नाही. जाड मात्र नक्कीच दिसायला. मूळचं पातं पातळ, आणि गुत्त्यातला उजेड रॉकेलच्या दिव्यांचा.

'स्वतःच्या काडतुसाने' म्हणालो कारण त्यालाही अर्थ आहे. बार झाला की गोळी नळीतून बाहेर पडायच्या आधीच हत्यार हातात वर उचललं जायला लागतं. जड आणि सावकाश गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड जास्त वर गेलेलं असतं. म्हणून जवळच्या अंतरावर सावकाश गोळी बहुधा वर लागते. ऐकायला उलटं वाटतं. दादालाही वाटलं होतं, त्याने वहीत आलेख काढून ठेवलेत. त्याने पातं घासायला तीन रविवार घेतले. आठवड्याला पाच-सहा हात कानस, मग पन्नास गोळ्या, मग पुन्हा. स्प्रिंगने धडा शिकवला होता ना.

निकेलचं कारणही तसंच व्यवहारी. काळ्या दारूची राख दमट हवेत पोलादाला खाते, घामही खातो, निकेल टिकतं. आणि 'गट्टा-पर्चा' म्हणजे तेव्हाची कडक रबराची मूठ. हस्तिदंत नाही मागितला.

मी स्वतः हे रिव्हॉल्वर कधी चालवलेलं नाही, हे सांगून टाकतो. माझा अनुभव एनसीसीतल्या पॉइंट टू टू रायफलच्या मोजून काही गोळ्यांचा, पोटावर झोपून. तेव्हा दादाला विचारलं, मारताना नक्की काय वाटतं. तो म्हणाला, दोन गोष्टी. एक, मूठ नांगराच्या मुठीसारखी वळलेली असल्याने धक्का सरळ मागे येत नाही, हत्यार हातात वर गोल फिरतं आणि घोडा आपणहून अंगठ्याजवळ येतो. त्याला आवळून धरून थांबवायला गेलास की बिघडलं. दुसरी, चाप सुटल्यापासून बार होईपर्यंत वेळ लागतो. घोडा जड आणि त्याचा प्रवास लांब. तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. 'बार झाला असं वाटून तू हलतोस, आणि बार त्यानंतर होतो.'

हेच मास्टरसनने १९०७ मध्ये एका मासिकासाठी जुन्या बंदूकबाजांवर लेखमाला लिहिली त्यात वेगळ्या शब्दांत आहे. त्याच्या मते तीन गोष्टी लागतात: धाडस, हत्यारावर हात बसलेला असणं, आणि सावधपणे वेळ घेणं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. उदाहरण देतो १८७७ च्या शायनमधलं. चार्ली हॅरिसन आणि जिम लेव्ही. हॅरिसन विजेसारखा चपळ, लोकांनी पैज त्याच्यावर लावलेली. त्याने पाच गोळ्या झाडल्या, एक लागली नाही. लेव्हीने नेम धरला आणि मारलं. आणि तो पडल्यावर पुन्हा मारलं.

सिनेमात दिसतं ते तळहाताने घोड्यावर फटाफट मारणं, त्याला फॅनिंग म्हणतात. त्याने ना नेम राहतो ना यंत्र. खिट्टी, खाचा, सगळ्यांवर भलता ताण येतो. ज्यांचं पोट यावर होतं त्यांच्या पत्रांत ते सापडत नाही, हलका चाप सापडतो.

पुढचं भराभर सांगतो. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या मोहिमेवरच्या एका तरुण अमेरिकन लेफ्टनंटने टेक्ससमधल्या एल पासोत असंच पावणेपाच इंची कोल्ट घेतलं, हस्तिदंती मुठीचं, आणि त्याच वर्षी चकमकीत वापरलं. तो पुढे जनरल पॅटन झाला. कोल्टने उत्पादन १९४० च्या सुमारास थांबवलं, कारण घेणार कोण, जमाना ऑटोमॅटिक पिस्तुलांचा. मग टीव्हीवर काउबॉय आले. १९५३ मध्ये बिल रूगरने सिंगल-सिक्स बाजारात आणलं, दिसायला तसंच पण आत चपट्या पट्ट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा, ज्या सहसा मोडत नाहीत. कोल्टलाही १९५६ मध्ये जुनं मॉडेल परत काढावं लागलं.

पण पहिल्या खाचेचा धोका मात्र तसाच राहिला. सिनेमा बघून विकत घेणाऱ्यांना 'पाचच भरा' हे कुणी सांगितलेलं नव्हतं. अपघात झाले, माणसं गेली, खटले उभे राहिले. १९७३ मध्ये रूगरने ट्रान्सफर बार आणला. चाप ओढलेला असेल तरच एक पट्टी वर येऊन घोड्याचा टोला पुढे पोचवते, नाहीतर घोडा काडतुसापर्यंत पोचूच शकत नाही. आणि १९८२ पासून त्यांनी जुनी रिव्हॉल्वरं फुकट बदलून द्यायला सुरुवात केली. मूळ पेटंटनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. गंमत म्हणजे शौकीन अजून कुरकुरतात की त्यामुळे चार क्लिक ऐकू येत नाहीत.

दादाच्या स्पर्धेत मात्र आजही, ट्रान्सफर बार असो नसो, पाचच काडतुसं. पहिल्या वेळी त्याने सवयीने सहा भरली होती. टेबलावरच्या बाईंनी काही न बोलता रिव्हॉल्वर उघडायला लावलं, एक काडतूस काढून त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि त्या दिवशीपुरतं त्याला घरी पाठवलं. ते काडतूस त्याने अजून गाडीत ठेवलंय.

आता मास्टरसनकडे परत. १८७९ ते १८८५ या सहा वर्षांत त्याने कोल्टकडून आठ रिव्हॉल्वरं मागवली. मग तो डेन्व्हरला गेला, मुष्टियुद्धाच्या धंद्यात पडला, १९०२ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि मॉर्निंग टेलिग्राफमध्ये खेळांवर स्तंभ लिहायला लागला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याचा चाहता, त्याने १९०५ मध्ये त्याला डेप्युटी मार्शलची नेमणूकही दिली.

तिथे लोक त्याच्या मागे लागायचे, 'तुमचं ते मूळ रिव्हॉल्वर विकाल का?' असं सांगतात की तो गहाणवटीच्या दुकानातून जुनी कोल्ट आणायचा, मुठीवर खाचा पाडायचा, आणि विकायचा. एका गिऱ्हाईकाने विचारलं, एवढी माणसं? तो ना हो म्हणाला, ना नाही. सव्वीसचा आकडा दुसऱ्यांनी चिकटवला होता, त्याने त्यावर चार पैसे कमावले. मला यात त्याचा राग येत नाही. पण एक खटकतं. ज्या माणसाने चापाच्या वजनावर आणि पात्याच्या जाडीवर एवढा विचार केला, त्याच्या नावाने आज लिलावात येणाऱ्या हत्याराबाबत पहिला प्रश्न हाच असतो की हे कारखान्यातून त्याच्याकडे गेलेलं, की गहाणवटीतलं.

त्याचा निकाल लावायचा एकच मार्ग. खाचा मोजायच्या नाहीत. सिरियल नंबर घ्यायचा आणि कोल्टच्या माल पाठवल्याच्या वह्यांत बघायचं, कुठल्या तारखेला, कुणाला, किती लांब नळी.

२५ ऑक्टोबर १९२१ ला मास्टरसन ऑफिसातल्या टेबलावर स्तंभ लिहिताना गेला.

पुढच्या वेळी भेटू तेव्हा विषय आहे शिवणयंत्र. आयझॅक सिंगर, आणि तिथेही पेटंटचीच मारामारी. दादाने विचारलंय, आवाज नीट येतोय का ते कळवा, यावेळी नवा माइक आहे.